विहिणीचा दुधी

टेकड्यांच्या पलीकडे, जिथे आश्विनात मांडवांवरून दुधी-पडवळं लोंबायची आणि परसात पेरू पिकून घमघमायचे, अशा एका गावात सगुणाकाकू राहायची. पाऊस सरून ऊन तापू लागलं की त्या गावात तापाची साथ यायची. ताप उतरला तरी माणसांच्या अंगात जोर म्हणून उरायचा नाही. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. ज्याच्या परसात जे निघेल ते त्याने देवळापुढे आणून द्यायचं, सगुणाकाकूने मोठ्या हंड्यात त्याचं कढण करायचं, आणि ते आजाऱ्यांच्या घरोघरी पोचवायचं.

काकूच्या हाताला चव होती. लाल भोपळा, दुधी आणि रताळं मऊ शिजवून ती छान घोटायची, पिकल्या पेरूचा गर बिया गाळून त्यात घालायची, वरून तुपाजिऱ्याची फोडणी द्यायची आणि हंडा उतरवताना डाळिंबाचा रस पिळायची. त्या दिवशी गावातली धडधाकट माणसंसुद्धा उगाच खोकत देवळावरून फिरायची!

काकूचा एक नियम मात्र होता. दुधी असो की काकडी, देठाकडची कोर कापून जिभेवर ठेवल्याशिवाय ती हंड्यात टाकायची नाही. दिसायला कोवळा, गुळगुळीत दुधी आतून कडूजहर निघू शकतो, आणि तसला दुधी पोटात गेला तर चांगला माणूसही उलट्यांनी बेजार होतो. पाटलांच्या घरचा दुधी आला तरी काकू कोर काढायचीच. तिथे ती कुणाची भीड ठेवत नसे.

यंदा मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिची एकुलती एक लेक शेवंती वैशाखात शेजारच्या गावी दिली होती. लग्नात मानाचा विडा चुकून आधी दुसऱ्याच बाईच्या हातात गेला, आणि विहीणबाई रुसल्या त्या रुसल्याच. पंचमी गेली, गौरी गेल्या, शेवंती काही माहेरी आली नाही. आता पहिली दिवाळी तोंडावर आली होती. लेकीला धाडतात की नाही, या काळजीने काकूच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अशातच एके दिवशी, हंडा चुलीवर चढलेला असताना देवळापुढे एक बैलगाडी थांबली. गाडीतून चक्क विहीणबाई उतरल्या! तान्हं मूल घ्यावं तसा एक लांबलचक दुधी त्यांनी दोन्ही हातांवर धरला होता.

"आमच्या नव्या वेलाचा पहिला दुधी आहे, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या हंड्याला द्यावा. झालं गेलं विसरून जाऊ."

काकूला काय करू नि काय नको असं झालं. तिने पाट मांडला, गुळपाणी दिलं, दुधी कपाळाला लावला. मग विळीवर बसून तिने देठाकडची कोर कापली आणि सवयीने हात तोंडाकडे गेला. तो तिथेच थांबला. विहीणबाई समोर बसून बघत होत्या.

'आता मी हा चाखला तर यांना काय वाटेल? सगळ्या गावादेखत माझ्या दुधीवर संशय घेतला म्हणतील. आत्ता कुठे राग निवळतोय. शेवंतीची दिवाळी माझ्याच हाताने घालवू?'

काकूने ती कोर हळूच बाजूला टाकली आणि दुधी चिरून हंड्यात सोडला.

कढण रटरटलं, घोटून झालं. काकूने वाटीत थोडं घेऊन जिभेला लावलं आणि तिचे डोळेच पांढरे झाले. कढण कडूजहर झालं होतं! अख्खा हंडा हातचा गेला होता.

देवळाच्या गुरवाने तिचा चेहरा पाहिला, एक थेंब चाखून चटकन थुंकला आणि तिच्या कानाशी लागला. "काकू, गूळ घाला नि वाढून टाका. तापकऱ्यांच्या तोंडाला असंही सगळं कडूच लागतं. कुणाला कळायचं नाही. तुमच्या विहिणीचाही मान राहील."

खरंच कुणाला कळलं नसतं. उद्या माणसं उलट्यांनी तळमळली असती तर लोकांनी तापालाच बोल लावला असता. काकूने एकदा विहीणबाईंकडे पाहिलं, एकदा कढण न्यायला तांबे घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्यांकडे. लेकीच्या आठवणीने तिचा जीव कासावीस झाला. तरी ती उठली.

"तांबे खाली ठेवा, बायांनो," ती म्हणाली. "कढण कडू झालंय. दुधी कडू निघाला आणि मी तो न चाखता टाकला. चूक माझी आहे. हे कुणालाही द्यायचं नाही."

एवढं बोलून तिने गुरवाला हंड्याचा दुसरा कान धरायला लावला आणि सगळं कढण उकिरड्यावरच्या खड्ड्यात ओतून दिलं.

विहीणबाई ताडकन उठल्या. "माझा दुधी कडू? असं चारचौघांत सांगता?" त्यांनी तरातरा जाऊन विळीजवळ पडलेली ती कोर उचलली आणि दाताखाली धरली. दुसऱ्याच क्षणी त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं, की गुरवाने तोंड फिरवून हसू दाबलं.

त्यांनी चूळ भरली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "घरी मीसुद्धा कोर काढून बघते हो. आजही विळी हातात घेतली होती. पण विहिणीला द्यायचा दुधी, तो कापून उष्टा कसा करायचा? म्हणून तसाच आणला."

"आणि तुमचा मान राखायचा म्हणून मी चाखला नाही," काकू म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी विहीणबाईंना हसू फुटलं, मग काकूला. हसता हसता काकूच्या डोळ्यांना पाणी आलं.

विहीणबाईंनी पदर खोचला. "चला, हंडा घासायला घ्या. आजारी माणसं उपाशी आहेत."

गावकरी घरी धावले. कुणी लाल भोपळा आणला, कुणी रताळी, कुणी टोपलीभर पेरू. विहीणबाई चिरत होत्या, प्रत्येक फोड आधी स्वतः चाखत होत्या आणि मगच काकूच्या हातात देत होत्या. ऊन उतरायच्या आत दुसरं कढण तयार झालं. कितीतरी दिवसांनी तोंडाला चव आली, म्हणून आजारी माणसं ते मागून मागून प्यायली.

गाडीत बसताना विहीणबाई थांबल्या. दिवाळीचा शब्द काढायचा धीर काकूला अजून झाला नव्हता.

"विहीणबाई, ओतून देताना तुम्हाला लेकीची काळजी नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली. फार वाटली."

"तरी ओतलंत." विहीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मग शेवंतीला दिवाळीपर्यंत कशाला थांबवू? उद्याच धाडते. चांगली पोटभर राहू दे माहेरी."

तात्पर्य: मान माणसाला द्यावा, पण वस्तू पारखूनच घ्यावी, आणि झालेली चूक झाकण्यापेक्षा बोलून दाखवली, तर तुटत आलेली नातीही सांधली जातात.