घरी आलेलं विद्यापीठ

ग्रंथपालाच्या जागेसाठी हेमलता ढवळे मुलाखतीला आली. मुक्त विद्यापीठाची पदवी पाहून संस्थाचालक दादासाहेब खो खो हसले.

“वर्गात न बसता पदवी! का हो, आमच्या कॉलेजला कुलूप होतं?”

“नव्हतं, दादासाहेब. पण तिथे रोजची हजेरी लागायची आणि माझी आई अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची. तुमचं कॉलेज माझ्या घरी आलं नसतं. ते विद्यापीठ आलं.”

दादासाहेबांना हे उत्तर सोसवेना.

“मग आता नोकरीसाठी आईला वाऱ्यावर सोडणार?”

“ती असती, तर आजही मी घरीच असते.”

दादासाहेबांनी मान खाली घालूनच तिची निवड जाहीर केली. ही बातमी सांगायला मात्र घरी कुणी नव्हतं.