राणीच्या घाटाची सहावी पायरी

"भीती गेली, हे कशावरून म्हणतोस?" दामूबुवांनी विचारलं.

भार्गव इनामदार हसला. "अकरा अमावास्या स्मशानात काढल्या, बुवा. उशाशी नाग येऊन गेला, मी कूससुद्धा बदलली नाही. आणखी काय पाहिजे?"

बुवा बकुळीखाली वाकून फुलं वेचत राहिले.

भार्गव नऊ वर्षं त्यांच्या मठात होता. आता त्याला स्वतःचे शिष्य करायचे होते. पहाटे त्यानं परवानगी मागितली, तेव्हा बुवा एवढंच म्हणाले होते, "चल, आधी सोनसळची बाग बघून येऊ."

तळ्याकाठची ही बाग पूर्वी फक्त राजघराण्याची होती. आता ती सगळ्यांना खुली झाली होती. रविवार होता. हिरवळीवर लोक डबे उघडून बसले होते. वाड्याच्या तळ्याकडच्या खिडक्या मात्र सगळ्या बंद होत्या.

फुलं उपरण्यात बांधून बुवा उठले. चालत चालत दोघं राणीच्या घाटापाशी आले.

घाटाच्या तोंडाशी जाड दोर बांधला होता. दोराला लाल पाटी. 'तळ्यात मगर आहे. पायऱ्या उतरू नये.'

कठड्याशी गर्दी होती. तळ्याच्या मधल्या बेटावर, चिखलात, काहीतरी लांबट पडलं होतं. लोक बोट दाखवून ते एकमेकांना दाखवत होते.

बुवा दहा पावलं मागेच थांबले.

"पुढे या की," भार्गव म्हणाला.

"नको. भीती वाटते."

दोनतीन जणांनी वळून पाहिलं. भार्गव शरमला. हळूच म्हणाला, "बुवा, गुरूनं चारचौघांत असं बोलू नये."

"वाटते ती वाटते..."

तेवढ्यात वारा आला. कठड्याशी उभ्या असलेल्या एका नव्या नवरीची ओढणी उडाली आणि पाण्यावर जाऊन पडली.

"जाऊ दे गं," तिचा नवरा म्हणाला.

भार्गवनं दोर ओलांडला.

"भार्गव!"

तो थांबला नाही. चौथ्या पायरीला पाणी लागलं. सहावीवर ते कमरेपर्यंत आलं. पायाखाली शेवाळ होतं. त्यानं हात लांबवून ओढणी ओढली, खांद्यावर टाकली, आणि वळून तिथंच उभा राहिला.

पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला.

"वर ये, बाळा," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

"कशाला? बघा ना, काही होत नाही."

"वर ये..."

"मला काहीच वाटत नाहीये, बुवा. खरंच काही नाही."

कठड्यावरून एक बाई किंचाळली. सगळ्यांनी बेटाकडे पाहिलं.

बेट रिकामं होतं.

पाणी हिरवं आणि सपाट होतं. त्याच्यावर एक रेघही नव्हती.

बुवांनी दोर धरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर. विहिरीच्या काठालासुद्धा न जाणारा माणूस. ते दोराखालून वाकून पलीकडे गेले आणि बसत, सरकत एकेक पायरी उतरू लागले. पहारेकऱ्यानं उपरणं पकडलं, ते त्याच्या हातात राहिलं. बकुळीची फुलं पायऱ्यांवर सांडली.

"बुवा, येऊ नका!"

"तू येत नाहीस... मग मीच येतो."

ते पाण्यात आले. दात वाजत होते. पाणी त्यांच्या छातीला लागलं. त्यांनी भार्गवचा दंड दोन्ही हातांनी गच्च धरला आणि डोळे मिटले.

वीसेक हातांवर पाणी फाटलं. दोन गाठी वर आल्या. त्यांच्यामागून एक सरळ रेघ घाटाकडे येऊ लागली.

भार्गवनं ती पाहिली. तरी त्याला काही वाटलं नाही.

मग त्याची नजर खाली गेली. बुवांची बारीक मान. मानेवर उडणारी शीर. मिटलेल्या पापण्या...

तो ओरडला. कसला तरी, जनावरासारखा आवाज निघाला. त्यानं बुवांना कवेत उचललं, शेवाळावर घसरला, गुडघा फुटला, पुन्हा उठला. पाचवी. चौथी. पहारेकऱ्यानं वरून हात दिला. मागं पाणी एकदाच जोरात आपटलं आणि सगळ्यांच्या अंगावर उडालं.

दोघं कठड्याला टेकून बसले. ओढणी तळ्यात गेली होती. गुडघ्यातलं रक्त फरशीवर ठिबकत होतं. लोक भोवती उभे होते. एकानं पाण्याची बाटली पुढं केली, ती भार्गवनं आधी बुवांच्या तोंडाला लावली.

मग तो बुवांकडे वळला.

"बुवा... मला भीती वाटली."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला काही झालं असतं तर..." त्यानं मान खाली घातली. "नऊ वर्षं फुकट गेली माझी. तुमच्यापाशी बसायची लायकी नाही."

तो उठू लागला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"हात सोडू नकोस रे. माझे पाय अजून कापताहेत."