मानाच्या फिती

माणसांनी छापखाना घरातल्या टेबलावर आणून ठेवला, त्या काळची ही गोष्ट. मालतीबाईंच्या रांगोळीच्या वर्गाला रंगीत नमुने लागत आणि घरच्या जुन्या प्रिंटरची शाई दोन वर्गांच्या मध्येच वाळून जाई. म्हणून भास्कररावांनी शाईऐवजी भुकटीवर चालणारा रंगीत लेझर प्रिंटर आणला.

नवा प्रिंटर खोक्यातून निघाला तोच अंगभर केशरी चिकटपट्ट्या मिरवत. दुकानाने आपला सत्कार केलाय, असा त्याचा समज.

"बाबा रे, त्या वाटेतल्या धक्क्यांसाठी असतात. कामाआधी काढायच्या," जुना प्रिंटर म्हणाला.

"आजोबा, तुम्हाला कोणी फीत बांधली नाही, त्याला मी काय करू?"

भास्करराव पट्ट्या काढायला आले, पण नव्या प्रिंटरने झाकण आवळून धरलं. "राहू देत. नवं नवंच दिसेल," ते म्हणाले. त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोटही अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता.

घातलेला प्रत्येक कागद आत पट्टीला अडकून चुरगळला.

"असलं शोभेचं धूड मला नको. उद्याच्या उद्या दुकानात परत द्या!" मालतीबाई कडाडल्या.

परत जाणाऱ्याचा सत्कार होत नाही, एवढं नव्याला कळलं. भास्कररावांनी शेवटचं म्हणून झाकण ओढलं, तेव्हा ते सहज उघडलं. एकेक पट्टी निघाली.

पुढच्या कागदावर निळाहिरवा मोर उमटला. वर्गातल्या बायका गोळा झाल्या. प्रिंटरकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्या मोरच न्याहाळत होत्या. प्रिंटरने मुकाट्याने दुसरा मोर छापायला घेतला.