ढोल्याचा सूर

सह्याद्रीच्या रानात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डबक्यात ढोल्या नावाचा थोराड बेडूक राहायचा. पानांवरचे चिमुकले बेडूक टिकटिक करत, दगडांखालचे कुरकुर करत, आणि ढोल्याचं डोकं उठे.

"गाणार फक्त मी! बाकीच्यांनी तोंडं मिटा!" तो एकदा ओरडला.

सगळे बिचारे गप्प बसले. ढोल्याने गळा फुगवून सूर लावला, "डराँव!"

झुडपातलं उदमांजर खूश झालं. "रोजच्या कलकलाटात कोण कुठे बसलंय ते कळायचंच नाही. आज बरं सापडलं!" ते थेट ढोल्याकडे निघालं.

ढोल्याची बोबडीच वळली. "अरे, गा रे बाबांनो! सगळे गा!"

रान दणाणलं. उदमांजर गोंधळून भलतीकडेच गेलं.

पानावरच्या टिकली नावाच्या चिमुकल्या बेडकीने विचारलं, "ढोलूकाका, कसं वाटलं आमचं गाणं?"

"बेसूरच आहे गं," ढोल्या धापा टाकत म्हणाला, "पण थांबू नका!"