मानाचा शंख

माणसाला अजून होडी ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका किनाऱ्यावर शंखाचं घर पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या खेकड्यांचं मंडळ होतं. पहाऱ्याला एक टिटवी होती आणि तिच्या पोटापुरते किडे सगळे वर्गणी म्हणून आणत. पण सभासद गळत चालले, तसा उरलेल्यांवर वर्गणीचा बोजा वाढत गेला.

सभेत अध्यक्ष धोंडूआबा नेहमीसारखे एका भल्यामोठ्या रिकाम्या शंखावर चढून उभे राहिले. तो मंडळाचा मानाचा शंख होता. ते म्हणाले, "यंदा वर्गणी पुन्हा वाढवावी लागणार."

"वाढवा की," धाकटी चंपी कळवळली, "पण आबा, माझं घर मला आवळतंय. सोडून गेले त्यांनाही आवळतच होतं. आणि तुम्ही उभे आहात ते काय आहे?"

आबा भडकले. मग त्यांनी पायाखाली पाहिलं. त्यांचाही शंख कधीचा काचत होता. पण सगळ्यांदेखत उघड्या अंगाने बाहेर कसं पडायचं?

अखेर मन घट्ट करून ते बाहेर आले आणि मानाच्या शंखात शिरले. त्यांचं सुटलेलं घर मागच्याने घेतलं, त्याचं त्याच्या मागचीने. कुणी न सांगता थोरापासून धाकट्यापर्यंत रांग लागली आणि घरं सरकत गेली. टिटवी ओरडायचं विसरली. आबांना वाटलं, अख्खा किनाराच कूस बदलतोय.

चंपीचं इवलंसं घर तेवढं वाळूत रिकामं उरलं. लाटेबरोबर एक उघडंवाघडं पिल्लू आलं, आत डोकावलं आणि म्हणालं, "इथं कुणी राहतं का?"

"राहतं की," आबा म्हणाले, "तू!"