लुगड्याच्या मापाची आळी

या, असे इकडे उन्हात या. विणेगावच्या या साळी आळीत पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच विचारतात. उत्तरेच्या रस्त्याला चार-चार मजली इमारती, मग आळीच्या दक्षिणेची ही ओळच एवढी बुटकी का? मी इथला जुना विणकर. आजोबांनी सांगितले तसे सांगतो.

फार पूर्वी, खळ लावलेले सूत आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून उन्हात वाळवीत, मगच ते मागावर चढे. इथे नागोशेट नावाचा कापडाचा व्यापारी होता. मनाने वाईट नव्हे, पण हौशी भारी. त्याने दक्षिणेच्या अंगाला तीन मजली माडी उठवली. ती बघून शेजाऱ्यांनीही विटा आणून टाकल्या. हिवाळा आला, सूर्य कलला आणि माडीची सावली पार समोरच्या ओट्यापर्यंत गेली. सूत ओले ते ओलेच. धागे कुजू लागले, माग थांबले.

सुंद्राबाई वायचळ नावाची एक म्हातारी विणकरीण होती. दर संक्रांतीला आळीच्या देवीला ती स्वतः विणलेले लुगडे नेसवी. तिचेही सूत वाळेना. "सुताला ऊन लागेल तेव्हाच मला लागेल," असा नेम धरून ती माडीच्या सावलीत जाऊन बसली. तीन दिवस कुडकुडत बसली म्हणे. चौथ्या दिवशी नागोशेटला राहवेना. तो खाली आला.

"आजी, आत चला. शेगडी पेटवलीय."

"माझं सूत बाहेर गारठलंय, मी आत कशी येऊ रे?"

"मग घर किती उंच चालेल, ते तरी सांगा!"

सुंद्राबाईला आकडे येत नव्हते. तिने देवीचे गेल्या वर्षीचे नऊवारी लुगडे त्याच्या हातात ठेवले.

"हे वरून खाली सोड. जिथून पदर जमिनीला टेकेल तिथवर घर तुझं. त्याच्या वरचं ऊन आमचं."

नागोशेटने माळवदावर जाऊन लुगडे सोडले. पदर दोन पुरुष उंचीवर अधांतरी राहिला. इतक्यात असा वारा सुटला, असे सांगतात, की सगळे लुगडे उलटे वर गेले आणि शेटच्याच अंगाभोवती गुंडाळले. भरघोस मिशांची बाई नऊवारी नेसून माळवदावर उभी! आळी पोट धरून हसली. तीन दिवस कुडकुडलेली सुंद्राबाईही हसली. शेवटी शेटलाही हसू आवरेना.

"देवीनं तिचं लुगडं नेसवलं मला! आता तिचं ऐकायला नको?" म्हणत त्याने माळवदाच्या मातीचे पहिले टोपले स्वतः उतरवले. मग सारी आळी धावली. आठवड्यात वरचा मजला गेला, ऊन खाली आले, आणि सुंद्राबाई वाळत्या सुताशेजारी पाठ शेकत बसली.

आजही संक्रांतीला या ओळीतल्या प्रत्येक घरावरून देवीचे लुगडे सोडून माप घेतात. कुठे पदर हातभर लोळतो, कुठे नुसता टेकतो. गेल्या साली एका नव्या घरावर तो दोन बोटे कमी पडला. इंजिनिअर टेप काढून वाद घालणार, तोवर घरच्या सुनेनेच छिन्नी घेऊन कठड्याचा वरचा थर उतरवायला घेतला. पुन्हा लुगडे सोडले, आणि खालून बायका एका सुरात ओरडल्या, "टेकलं!"