महाराज न्हायला बसले!

"अगतिक? म्हणजे काय असतं बुवा?" महिपतराजांनी भुवया उंचावून विचारलं.

समोर खालच्या आळीची माणसं हात जोडून उभी होती. राजांनी कारंज्यासाठी अख्खा ओढा बागेत वळवला, तेव्हापासून आळीच्या विहिरीत नुसता चिखल होता. "आम्ही अगतिक झालोय, महाराज," एवढंच बिचारे म्हणाले होते.

शास्त्रीबुवा सरसावले. "ज्याला कुठलाच मार्ग उरत नाही, तो अगतिक."

"मला तर असं कधी झालं नाही!" राजांनी मिशीला पीळ दिला. "धीर धरा. पावसाळ्यात पाणी येईलच की! तोवर ओढ्याचा थेंबही कारंज्याशिवाय कुणाला मिळणार नाही. कुणालाही! आणि माझा हुकूम न मोडता जो मलाच अगतिक करून दाखवेल, तो मागेल ते देईन!"

दरबार खो खो हसला. दरबाराचं कामच ते.

आळीच्या माणसांत उभ्या असलेल्या गोजराच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. ती राजांच्या न्हाणीघरामागे पाणी तापवायची आणि भिंतीतल्या पन्हळीतून आत सोडायची. राहायला खालच्या आळीत. घरी म्हातारी सासू घोटभर पाण्यासाठी तळमळत होती.

दुसऱ्या दिवशी राजे न्हायला बसले. घंगाळात कालचं उरलेलं पाणी होतं, ते डोक्यावर ओतून संपवलं. मग शिकेकाई चोळली, ती कपाळावरून थेट डोळ्यांत उतरली.

"गोजरा, पाणी सोड!"

पन्हळ कोरडी!

"हंडा भरलाय, महाराज. पण पाणी ओढ्याचं. ते कारंज्याचं!" भिंतीपलीकडून गोजरा म्हणाली.

"अगं, डोळे जळतायत माझे!"

"कुणालाही नाही म्हणालात. त्यात तुम्ही आलातच की!"

"शिपाई! पाणी आणा!"

"हुकूम मोडायचा, महाराज?" दाराबाहेरून शिपायाने घाबरत विचारलं.

राजे चाचपडत उठले, घंगाळावर गुडघा आपटला आणि विव्हळत पुन्हा पाटावर बसले. "मग मी करू तरी काय?"

"धीर धरा, महाराज. पावसाळ्यात पाणी येईलच की!"

"अगं बाई, काही दिसत नाही, काही सुचत नाही! मी अगदी... अगदी..."

"बोला की, लाजू नका!"

"अगतिक झालोय! कारंजं गेलं खड्ड्यात! ओढा आळीला सोडा, पण पाणी दे!"

धो धो पाणी आलं. थोड्या वेळाने राजे लालबुंद डोळ्यांनी बाहेर आले. राजांनी गोजराकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"जिंकलीस! माग, काय हवं ते."

"ओढा तर मिळाला, महाराज. आता काल जे जे हसले, त्यांना उद्या माझ्याकडे न्हायला पाठवा. शिकेकाई माझी!"

राजे पोट धरधरून हसले. गोजराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सगळा दरबार पारोसाच हजर झाला!